यवतमाळहून मंगळवार पेठेत: पहिल्या दहा आठवड्यांचा एक प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची मुलगी एम.एस्सी.साठी कोल्हापुरात आली. वसतिगृहाची यादी लागायची होती, म्हणून वडिलांनी मंगळवार पेठेत एका घराच्या वरच्या मजल्यावरची खोली ठरवून दिली. खाली घरमालकांचं कुटुंब, गल्लीच्या तोंडाशी तालीम, पाच मिनिटांवर मेस. जुलै नुकता लागला होता. सातव्या आठवड्यात तिनं घरी फोन करून सांगितलं, की प्रवेश रद्द करायचाय. कारणं चार होती: घरमालकीण काकू तोंड फिरवून जातात, जेवण पोटात टिकत नाही, वर्गात बोलण्यावरून हसतात आणि खोलीतले कपडे कधी वाळतच नाहीत. दहाव्या आठवड्याच्या शेवटी ती त्याच खोलीत राहत होती आणि प्रवेश रद्द करण्याचा विषय संपला होता.

हे नमुना प्रकरण आहे. बाहेरून कोल्हापुरात शिकायला येणाऱ्यांच्या बाबतीत जे प्रसंग पुन्हा पुन्हा घडतात, ते इथे एका मुलीभोवती एकत्र मांडले आहेत. कोणा एकीची हकीकत म्हणून ते वाचू नयेत.

चार तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्या, की उपायही एकच दिसू लागतो, परत जाणं. म्हणून पहिलं काम त्या सुट्या करण्याचं झालं. सुट्या केल्यावर कळलं, की पहिली तक्रार निव्वळ गैरसमजाची होती, दुसरी वेळापत्रकाची, चौथी हवेची. तिसरी मात्र खरी तक्रार होती आणि ती 'इथली पद्धतच अशी' म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती.

खालचं घर

महिन्याभरात तिचं आणि काकूंचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. भांडण झालं नव्हतं. मागे जाऊन पाहिलं तर सुरुवात आषाढातल्या एका शुक्रवारी झालेली दिसली.

आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरच्या पेठा त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाई देवीची, यात्रा करतात. पंचगंगेचं नवं पाणी कलशातून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेलं जातं, पी-ढबाक हे पारंपरिक वाद्य वाजतं आणि घरोघरी जेवण असतं. जेवण दोन प्रकारचं. गोडा नैवेद्य म्हणजे गोडाधोडाचा, खारा नैवेद्य म्हणजे मटणाचा. खाऱ्याच्या दिवशी पै-पाहुणे, शेजारी, भाडेकरू सगळ्यांना बोलावणं जातं. त्या दिवशी काकूंनी जिन्यावरून हाक मारली, "ये गं खाली जेवायला, आपली जत्रा हाय आज." मुलीचं घर माळकरी. तिनं दारातूनच "नाही काकू, मी नाही खात" असं सांगितलं आणि दार लावून घेतलं. काकूंनी तिला खीर आणि चपातीचं ताट वर पाठवलं. ते तिनं घेतलं, ताट घासून दुसऱ्या दिवशी पायरीवर ठेवलं.

तिच्या बाजूनं यात काही चुकलं नव्हतं. निघताना आईनं बजावलं होतं, की घरमालकाच्या घरात फार मिसळायचं नाही, कोणाच्या उपकारात राहायचं नाही. ती तेच पाळत होती. भाडं मोबाईलवरून वेळेत पाठवायची, चहाला नको म्हणायची, कानात इयरफोन घालून जिना चढायची. तिच्या लेखी हा सभ्यपणा. खालच्या घराच्या लेखी मात्र या पोरीनं आमचं खाणं नाकारलं, ताट रिकामं परत केलं, चार वेळा चहा नाकारला आणि भाड्याचे पैसे द्यायलाही समोर आली नाही.

कोल्हापुरात नवखा माणूस आडनावामुळे किंवा बोलीमुळे परका ठरतो, असं आम्हाला वाटत नाही. घेण्यादेण्यात तो उतरत नाही, तेव्हा परका ठरतो. इथलं पेठेतलं जगणं ताट, चहा, वर्गणी, दवाखान्यात सोबत आणि 'जेवलीस काय?' या चौकशीवर चालतं. शिकायला आलेल्या पोरांना जवळ घेण्याची रीतही या शहरात जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्यामागून वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली, दलित मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. दसरा चौकाच्या परिसरात त्या काळच्या इमारती आजही दिसतात. तेव्हा काकूंनी हाक मारली ती शेजारधर्माची होती. भाडेकरूवर लक्ष ठेवण्याचा हेतू त्यात नव्हता.

दुरुस्तीला फार काही लागलं नाही, पण क्रम महत्त्वाचा ठरला. वर्गातली गडहिंग्लजकडची एक मुलगी तिला म्हणाली, सकाळी पाण्याच्या आणि डब्यांच्या गडबडीत जाऊ नकोस, संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, चहाची वेळ असते. तिनं तसंच केलं. चहा नाकारला नाही, अर्धा कप मागून घेतला. मग सांगितलं, "काकू, आमच्या घरी माळ आहे. मटण चालत नाही म्हणून त्या दिवशी आली नाही. गोडाचं असेल तेव्हा मला हक्कानं बोलवा." माळकरी म्हणजे काय, हे कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वारीला जाणारी घरं प्रत्येक गल्लीत आहेत आणि जत्रेच्या दिवशी माळकऱ्यांची पंगत वेगळी बसवण्याची सवयही आहे. 'मी खात नाही' यात नकार ऐकू येतो, 'आमच्या घरी माळ आहे' यात कारण ऐकू येतं. काकूंचं उत्तर होतं, "आगं मग तवाच सांगायचं की!"

त्यानंतरच्या दोन सवयी तिनं लावून घेतल्या. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, घरी काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. ही रीत तिच्या गावीही होतीच, फक्त भाडेकरूनं ती पाळायची असते हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि भाडं मोबाईलवरून पाठवलं तरी जाताना खाली थांबून "काकू, भाडं पाठवलंय, बघा आलं काय" एवढं बोलायचं.

खरी सांधेजोड गौरीत झाली. तिच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. इथे महालक्ष्मी म्हटलं की अंबाबाई. त्यामुळे ती काय सांगतेय हे काकूंना पहिल्यांदा कळलंच नाही, पण सोळा भाज्या आणि आंबील ऐकल्यावर ओळख पटली. तिनं गौरीपुढची रांगोळी काढायची तयारी दाखवली आणि रात्री झिम्मा-फुगडीला खाली थांबली. आपल्या गावचं काही करून दाखवणं ही अशा वेळी फार उपयोगाची गोष्ट असते. नुसतं घेत राहणाऱ्या माणसाला अवघडल्यासारखं होतं, त्याला देण्याजोगं काही सापडलं की पाठ ताठ होते.

एक प्रश्न मात्र नवख्यांना हमखास खुपतो: 'गाव कुठलं? आडनाव काय?' रिक्षावाला विचारतो, किराणा दुकानदार विचारतो. बहुतेक वेळा यामागे पाहुण्यांचा धागा लागतो का, हे पाहण्याची हौस असते. विदर्भातली आडनावं इथे ओळखीची नसतात म्हणून प्रश्न दोनदा येतो. गाव, तालुका, जिल्हा आणि कशाला आलो हे एका दमात सांगितलं, की बोलणं तिथून पुढे सरकतं. पण आडनाव ऐकून खोली नाकारली गेली किंवा पाण्याचा नळ वेगळा दाखवला गेला, तर तो भेदभाव आहे, चालरीत नव्हे. जातीवरून असं घडलं तर 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पोलीस ठाणे किंवा समाजकल्याण कार्यालयात जावं, 'नवीन आहोत, कशाला' म्हणून गप्प बसू नये.

पोट

तिची तक्रार होती, की कोल्हापुरी जेवण फार तिखट. हे निदान चूक निघालं. वऱ्हाडी माणसाला तिखट नवीन नसतं. तिला चार दिवस काय, किती वाजता खाल्लं हे लिहून काढायला सांगितलं, तेव्हा वेगळं चित्र दिसलं. सकाळी साडेसात ते दहा नुसत्या चहावर. मग रिकाम्या पोटी मिसळ, वरून कट दोनदा. दुपारचं जेवण अडीचला. रात्री मेसमध्ये साडेनऊनंतर उसळ आणि भात. आठवड्यातून दोनदा मैत्रिणींबरोबर कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध.

यात तीन गोष्टी भिडत होत्या. पहिली तेलाची. मिसळीचा कट म्हणजे कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यावर तरंगणारा तेलाचा थर. तिखट त्या तेलात उतरलेलं असतं आणि रिकाम्या पोटी तेच आधी जातं. मिसळ सोडायची गरज नाही. आधी काहीतरी खाऊन जावं, कट वेगळ्या वाटीत मागावा, त्यावरचं तेल बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा. दही किंवा ताक सोबत घ्यावं, नुसतं पाणी पीत राहिल्यानं तिखट तोंडभर पसरतं.

दुसरी दुधाची. संध्याकाळी गंगावेस, मिरजकर तिकटीसारख्या ठिकाणी म्हशी आणून डोळ्यांदेखत धार काढून ग्लास भरून देतात. हे कोल्हापूरचं खास सुख आहे आणि त्याबद्दल इथल्या माणसाला अभिमान आहे. पण म्हशीच्या दुधात फॅट साधारण 6 ते 7 टक्के असतं. पॅकेटमधल्या टोन्ड दुधाची सवय असलेल्या पोटाला पूर्ण ग्लास झेपत नाही. शिवाय न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. गंमत म्हणून मैत्रिणींबरोबर कट्ट्यावर जावं, पण दूध तापवूनच प्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आग्रह झाला तरी या एका बाबतीत नको म्हणायला संकोच करू नये.

तिसरी वेळेची. रात्री उशिरा उसळ-भात आणि लगेच झोप. मेस संध्याकाळी साडेसातला उघडते, पण ती गर्दी टाळण्यासाठी शेवटी जायची. आठला जायला लागल्यावर एका आठवड्यात फरक पडला.

पोट बिघडलंच तर पहिले दोन दिवस ज्वारीची भाकरी, ताक, मऊ भात आणि वरण. ओआरएसचं पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावं, मोठं पाकीट 1 लिटरचं असतं. अर्ध्या पाण्यात घट्ट केलं तर उलट त्रास होतो. ताप आला, शौचातून रक्त गेलं किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जावं.

मेस बदलावी का, हा पुढचा प्रश्न. शाकाहारी मुलीसाठी यात एक अडचण खास कोल्हापूरची आहे. पांढरा रस्सा दिसायला नारळाच्या दुधाचा, सौम्य, पाहुण्याला आवडेल असा. पण त्याचा पाया मटणाचं आळणी पाणी असतं, त्यावर नारळाचं दूध, खसखस, काजू. तांबडा कोणी चुकून घेत नाही, पांढरा घेतात. तिनं दुसऱ्याच आठवड्यात मेसमध्ये दोन वाट्या घेतल्या होत्या आणि नंतर कळल्यावर दोन दिवस जेवली नव्हती. मेसवाल्या मावशींनी फसवलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. मिश्र मेसमध्ये सामिष जेवणाच्या दिवशी पळ्या, कढया, तेल एकच असतं, हेही तिला माहीत नव्हतं.

शाकाहारी मेस कोल्हापुरात सहज मिळते. जैन समाज मोठा असल्यामुळे कांदा-लसूण नसलेली खाणावळही मिळते, मात्र तिथं संध्याकाळचं जेवण लवकर उरकतं, प्रॅक्टिकल संपवून उशिरा पोचणाऱ्याला ते जमत नाही. मेस ठरवण्यापूर्वी तिनं पुढच्या खेपेला हे विचारून घेतलं: महिना तारखेपासून धरतात की तीस ताटांचा, आठवड्याची सुट्टी कोणत्या वेळची, बहुतेक ठिकाणी रविवारी रात्री बंद असते, खाडा किती दिवस सलग असेल तर पैसे वजा होतात आणि आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगावं लागतं, डबा नेता येतो का, सामिष दिवशी स्वयंपाक वेगळा होतो का. आगाऊ महिना भरण्याआधी तीन दिवस रोखीनं सुटं ताट खाऊन पाहिलं, त्यातला एक दिवस मुद्दाम सामिष जेवणाचा निवडला, कारण स्वयंपाकघर त्या दिवशीच कळतं.

आणि एक सोपी गोष्ट. कोल्हापुरात वर्षाचा करून ठेवलेल्या लाल मसाल्यालाच चटणी म्हणतात. 'तिखट कमी करा' असं म्हटल्यावर मावशी हिरवी मिरची कमी करायच्या. 'माझ्या भाजीत चटणी कमी घाला' म्हटल्यावर काम झालं.

वर्गातलं हसणं

ही तक्रार सगळ्यांत जास्त काळजीनं पाहावी लागली, कारण यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या.

पहिल्या गोष्टीत काही वावगं नव्हतं. कोल्हापूरचं बोलणं आवाजानं मोठं आणि सरळ असतं. 'ए खुळे', 'काय करालीयस', 'सरक की तिकडं' हे ओळखीतलं बोलणं. लहान किंवा लाडक्या माणसाबद्दल नपुंसकलिंगी बोलतात, 'ते आलंय बघ वर्गात'. अनेक मुली स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी जातो' असं म्हणतात. ही मुलगी पहिले काही दिवस समजत होती, की आपली टिंगल चाललीय. तसं नव्हतं, त्या एकमेकींशीही तशाच बोलत होत्या. उलट तिच्या बोलण्यातलं 'बे' इथे फार जवळच्या माणसाशिवाय कोणाला आवडत नाही. ते तिनं वर्गातल्या मुलांशी सहज वापरलं आणि दोघांनी ते मनाला लावून घेतलं. हे दोन्ही बाजूंनी एकदा बोलून मिटलं.

कोल्हापुरी बोली ओढूनताणून बोलायचा प्रयत्न करू नये, ते लगेच कळतं. आपली बोली बोलावी. वडीलधाऱ्यांना 'या', 'बसा', 'जावा', बसमध्ये मामा, मेसमध्ये मावशी, शेजारी वहिनी किंवा काकू, एवढं पाळलं की बाकी सारं चालतं.

दुसरी गोष्ट वेगळी होती. वरच्या वर्षाची तीन मुलं तिला थांबवून 'मले', 'तुले', 'काहून' म्हणायला लावायची. एकानं त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि ग्रुपवर टाकलं. तिनं 'बस झालं' म्हटल्यावर ते थांबले नाहीत, पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं. चेष्टा आणि छळ ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे: नको म्हटल्यावर थांबतं का, आणि उलट चेष्टा करायची मुभा तिला आहे का. इथे दोन्ही नव्हतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांत बोलून, लिहून किंवा कृतीनं नव्या विद्यार्थ्याला चिडवणं, उद्धटपणे वागवणं, लाज वाटेल असं काही करायला लावणं हे सगळं रॅगिंग आहे. 2016 च्या दुरुस्तीनं प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान यांवरून केलेला छळही त्यात स्पष्टपणे घातला. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. म्हणजे बोलीवरून केलेला असा छळ 'गंमत' म्हणून टाळता येत नाही.

तिनं काय केलं ते क्रमानं सांगतो. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं हे एका कागदावर लिहिलं. व्हिडिओ ग्रुपवरून निघून जाण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट आणि प्रत जपून ठेवली. हा टप्पा बहुतेक जण विसरतात आणि नंतर हाती काही उरत नाही. मग विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तोंडी सांगून सोडलं असतं तर 'समज दिली' यावर विषय थांबला असता. विभागाकडून हालचाल झाली नाही तर रॅगिंगविरोधी समिती, आणि त्याआधी किंवा नंतर केव्हाही 1800-180-5522 ही चोवीस तास चालणारी हेल्पलाइन, हा पुढचा मार्ग तिला माहीत होता. तो वापरावा लागला नाही. व्हिडिओ काढला गेला, तिघांकडून लेखी हमी घेतली गेली. दोघांनी नंतर येऊन माफी मागितली, तिसऱ्यानं नाही मागितली. तिनं त्याच्याशी बोलणं ठेवलं नाही आणि ते योग्यच होतं. जुळवून घेणं म्हणजे सगळ्यांशी गोडी ठेवणं नव्हे.

या सात आठवड्यांत तिची झोप उडाली होती, हेही नोंदवलं पाहिजे. अशा वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिनं दोनदा फोन केला.

पाऊस, खोली आणि पेठ

विदर्भात पाऊस कमी पडतो असं नाही. तिथं तो पडतो आणि उघडतो. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस बारीक रिपरिप चालते, ऊन दिसत नाही, आणि बंद खोलीत ओल धरते. उपाय साधे: धुणं रोज थोडं, जाड जीन्स या दोन महिन्यांत नको, दोरी भिंतीपासून लांब आणि पंख्याखाली, कपाटाच्या मागे चार बोटं जागा. मार्कशीट, दाखले प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत. कोल्हापुरी चपला हौसेनं पहिल्याच आठवड्यात घेतल्या जातात आणि पावसात भिजून तळ फुगतात. त्या दिवाळीनंतर घ्याव्यात, तोवर रबरी चप्पल. नवी कोल्हापुरी चावते, तिला आतून तेल लावून रोज थोडा वेळ घरातच घालावी.

खोली घेताना पुराचा विचार तिच्या वडिलांनी केला नव्हता. नव्या शहरात तो चटकन सुचत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 मध्ये पाणी याच्या कितीतरी वर गेलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. शहरात पाऊस नसला तरी नदी वाढते, कारण पाणी येतं ते राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याकडून. राधानगरी धरणाचे 7 स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठचे लोक सावध होतात. तिची खोली उंचावर होती. पण सुतारवाडा, दुधाळी, उत्तरेश्वर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग इथे तळमजल्याची खोली घेताना 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्याला विचारावं. भिंतीवरची खूण बरेच जण दाखवतात. महामार्ग बंद होण्याची चिन्हं दिसली तर गावी जायचं आधीच ठरवावं, शेवटच्या क्षणी नाही.

तालमीबद्दल थोडं. पेठेतली तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती, फुटबॉल, अंत्यविधी, अपघात, रक्तदान सगळं तिच्याभोवती चालतं. कुस्तीच्या हौद्यात चप्पल घालून पाऊल टाकू नये, ती माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून कसलेली असते आणि तिला नमस्कार करून उतरतात. फुटबॉलच्या मोसमात शाहू स्टेडियमवर जायचं तर आपल्या पेठेच्या मुलींबरोबर जावं आणि कोणत्या बाजूला बसतो हे पाहून बसावं, पेठांमधली ईर्षा खरी असते. गणपतीची वर्गणी भाडेकरूंकडेही मागतात. तिनं 'मी विद्यार्थिनी आहे, एवढीच देते' म्हणून लहान रक्कम दिली आणि पावती घेतली. त्यावर कोणी वाद घातला नाही. त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी बसणारी मुलं रात्री उशीर झाला तर "ताई, सोडायला येऊ काय?" असं विचारू लागली.

मिरवणुकीच्या आवाजावर मात्र तिला उपाय सापडला नाही, आणि आवाज सहन करण्याची सवय लावून घ्यावी असं आम्ही कोणाला सांगणार नाही. विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडकडची वाहतूक वळवतात, रात्रभर ढोल चालतो. ती त्या दोन रात्री मैत्रिणीच्या घरी उचगावला राहिली.

दहाव्या आठवड्यात

याच सुमारास वसतिगृहाची पुढची यादी लागली आणि तिचं नाव आलं. वसतिगृह स्वस्त पडत होतं, वर्गाजवळ होतं. तिनं ते नाकारलं. खोलीचा करार 11 महिन्यांचा, 1 जुलैपासून 31 मेपर्यंत. मध्येच सोडली तर एका महिन्याची नोटीस आणि अनामत परत मिळण्याची वाट. पण खरं कारण, तिनं वडिलांना सांगितलं ते असं, की खाली बोलणारं घर आहे.

करार मात्र सुरुवातीला तोंडीच झाला होता. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. वसतिगृह सोडण्याचं ठरल्यावर हा विषय तिनं घरमालक काकांकडे काढला. आधी चहा घेतला, मग म्हणाली, "काका, शिष्यवृत्तीच्या अर्जाला भाडेकरार लागतोय, करूया काय?" नोंदणीचा खर्च दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला. अनामत किती, रंगकामाचे पैसे कापणार की नाही, लाईट बिल स्वतंत्र मीटरवर की माणशी, ही तीन वाक्यं करारात घालून घेतली आणि पहिल्या दिवसाच्या मीटरवरच्या आकड्याचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवला.